फोड साधाच, पण उठला कुठे? हर्पीस सिम्प्लेक्सच्या गुंतागुंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचा आणि गुप्तरोगाच्या ओपीडीत बरेच प्रश्न पेशंट उठून दारापर्यंत गेल्यावर येतात. "डॉक्टर, एक विचारायचं राहिलं," म्हणत माणूस परत येतो, बाहेरच्या बाकावर कोणी ओळखीचं नाही ना ते बघतो आणि मग हळूच मुद्द्यावर येतो. खालचे बहुतेक प्रश्न असे दारातले आहेत. भाषा त्यांचीच ठेवली आहे.

हर्पीस म्हणजे नागीणच ना?

नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. आपण जिला नागीण म्हणतो ती हर्पीस झोस्टर. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. कमरेवर, छातीवर किंवा कपाळावर एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि आग आग करते. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. ते जुळतच नाही, कारण नागीण एका बाजूच्या एका नसेच्या वाटेने जाते आणि अंगाच्या मधल्या रेषेपाशी थांबते. गेरूने तिला अडवायची गरज नाही.

हर्पीस सिम्प्लेक्स हा वेगळा विषाणू. घराणं एकच, पण भाऊ निराळे. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठतो, चुरचुरतो, खपली धरतो आणि आठ-दहा दिवसांत जातो. गावाकडे याला 'कोळी मुतला' म्हणतात, कोणी 'ताप बाहेर पडला' म्हणतं, कोणी उष्णतेवर ढकलतं. कोळ्याचा यात काही दोष नाही. याचे प्रकार दोन: एचएसव्ही-१ बहुतेक तोंडाच्या भागात आणि एचएसव्ही-२ बहुतेक जननेंद्रियांच्या भागात. 'बहुतेक' म्हटलं, कारण मुखमैथुनातून पहिला प्रकार खालीही पोचतो.

मला आयुष्यात कधी फोड आला नाही. मग रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जवळपास दोन तृतीयांश माणसांच्या अंगात एचएसव्ही-१ आहे, म्हणजे जगात साडेतीन अब्जांहून जास्त लोक. बहुतेकांना तो लहानपणी कोणाच्या तरी पापीतून मिळाला आणि त्यांना पत्ताही लागला नाही. विषाणू कातडीतून नसेत शिरतो, नसेच्या मुळाशी असलेल्या गाठीत जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. ओठाचा असेल तर कानाच्या पुढे कवटीत असलेल्या गाठीत, खालचा असेल तर माकडहाडाजवळच्या गाठीत. ताप, कडक ऊन, जागरण, पाळी, एखादं ऑपरेशन असं निमित्त मिळालं की त्याच नसेने खाली उतरून पुन्हा त्याच जागी उगवतो.

तेव्हा आयजीजी (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली, रक्तात टिकून राहणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह म्हणजे 'ओळख झालेली आहे', एवढंच. आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची समजली जाणारी प्रतिपिंडं, या तपासणीवर तर मी निर्णय घेतच नाही. ती जुन्या संसर्गातही पॉझिटिव्ह येते आणि घरात विनाकारण भांडणं लावते. ताजा फोड असेल तर त्यातला स्राव घेऊन केलेली पीसीआर तपासणी, म्हणजे थेट विषाणू शोधणारी, खरी.

मग गुंतागुंत होते तरी कोणाला?

विषाणू तोच असतो. फरक तीन गोष्टींनी पडतो: फोड कुठल्या जागी उठला, माणसाचं वय काय आणि प्रतिकारशक्ती कशी आहे. निरोगी तिशीतल्या माणसाच्या ओठावर उठला तर आरशात बघून वैतागण्यापलीकडे काही नाही. तोच डोळ्याच्या बुबुळावर, दहा दिवसांच्या बाळाच्या अंगात, मेंदूत, इसब असलेल्या पोराच्या कातडीवर किंवा केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटच्या अन्ननलिकेत गेला, तर गोष्ट पूर्ण बदलते. लोक मात्र नेमके उलटे वागतात. खालच्या फोडाला घाबरून रात्र रात्र झोपत नाहीत, आणि लाल डोळ्यात दुकानातून आणलेले थेंब घालत बसतात.

डोळ्याला हर्पीस होतो म्हणजे काय होतं?

हा प्रश्न लोक कमी विचारतात, म्हणून मीच जरा लांबण लावतो.

ओठाकडे येणारी आणि डोळ्याकडे जाणारी नस एकाच गाठीतून फुटते. विषाणू कधीकधी दुसऱ्या फाट्याने निघतो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, उगवतो. बहुतेक वेळा एकच डोळा लाल होतो, पाणी गळतं, उजेड सोसत नाही, धुरकट दिसतं. डोळ्याचे डॉक्टर नारंगी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवतात आणि निळ्या उजेडात बघतात. त्या उजेडात बुबुळावर हिरवी चमकणारी, फाटे फुटलेली काटकी दिसते, टोकांना बारीक गोंडे असलेली. एकदा पाहिली की विसरत नाही. ही काटकी म्हणजे हर्पीसचा व्रण.

यात दोन फसगती आहेत. एक म्हणजे, या आजारात कॉर्नियाची संवेदनाच कमी होते. कापसाची वात टेकवली तरी पेशंट पापणी मिटत नाही. त्यामुळे इजा मोठी आणि दुखणं बेताचं, असं होतं आणि माणूस आठवडा काढतो. दुसरी फसगत जास्त वाईट: 'डोळे आलेत' असं समजून घेतलेले स्टेरॉइडचे थेंब. पहिल्या दिवशी लाली उतरते, बरं वाटतं. त्या आडोशाला विषाणू मोकाट वाढतो आणि काटकीचा नकाशा होतो, म्हणजे व्रण पसरून मोठा होतो. माझ्याकडे ओठाच्या फोडासाठी आलेल्या एका मावशींनी पदराच्या गाठीतून थेंबांची बाटली काढून दाखवली होती. मागच्या वर्षी शेजारणीला गुण आला, म्हणून तीच बाटली. लेबल पुसलेलं, पण स्टेरॉइडचं नाव वाचता येत होतं. त्यांना तिथूनच नेत्र विभागात धाडलं.

आता यातली गंमत, किंवा गुंता म्हणा. विषाणू कॉर्नियाच्या आतल्या थरात गेला आणि तिथे शरीराचीच प्रतिक्रिया सूज धरून बसली, तर नेत्रतज्ज्ञ स्वतः स्टेरॉइडचे थेंब देतात, पण विषाणूविरोधी औषधाच्या जोडीने आणि स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, बघत बघत. म्हणून 'स्टेरॉइड वाईट' असा सरसकट धडा घेऊ नका. कोणत्या थरात काय चाललंय हे यंत्राशिवाय कळत नाही, एवढाच मुद्दा.

एक झटका बरा होतो. खरं नुकसान परत परत येण्याने होतं. दर वेळी थोडा पांढरा डाग मागे राहतो. तो मधोमध असेल तर नजर जाते आणि नेत्ररोपणाची वेळ येते. आणि रोपण केलेल्या कॉर्नियातही विषाणू पुन्हा उगवू शकतो, कारण त्याचं घर डोळ्यात नाहीच, मागच्या गाठीत आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षभर रोज दोनदा असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिलेल्या पेशंटांपैकी १९ टक्क्यांना आजार परतला, नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ३२ टक्क्यांना. ज्यांना वारंवार होतो त्यांना डॉक्टर लांबवर गोळी चालू ठेवायला सांगतात, ते यासाठी. मध्येच बंद करू नका.

शेतात काम करणाऱ्यांसाठी एक जोड: उसाचं पान किंवा धाट डोळ्याला लागून झालेला व्रण बहुतेकदा बुरशीचा किंवा जिवाणूंचा असतो, हर्पीसचा नव्हे. औषधं पूर्ण वेगळी. दोन्हींत स्वतःहून थेंब घालणं सारखंच घातक.

ओठावरचा फोड मेंदूत चढतो का?

ओठावर फोड आला म्हणून मेंदूला धोका वाढला, असं होत नाही. कोट्यवधी लोकांना फोड येतात. मेंदूचा हर्पीस वर्षाला दहा लाखांत दोन ते चार जणांना होतो, आणि त्यातल्या बहुतेकांच्या ओठावर त्या वेळी काहीच नसतं. हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे, कारण झालाच तर तासांचा हिशेब असतो.

महाराष्ट्रात 'मेंदूज्वर' म्हटलं की जपानी मेंदूज्वर किंवा चांदीपुरा आठवतो. चांदीपुरा विषाणूला नावच नागपूरजवळच्या गावाचं मिळालं, १९६५ साली. हे आजार साथीने, हंगामाने, मुलांमध्ये जास्त येतात. हर्पीसचा मेंदूज्वर तसा नसतो. त्याला पावसाळा लागत नाही, डास लागत नाहीत. एका घरात एकालाच होतो. लहान मुलांना होतो, तसाच पन्नाशी उलटलेल्यांनाही.

त्याची खोड अशी की तो कानशिलाच्या आतल्या भागात, जिथे आठवण, भाषा आणि स्वभावाची सूत्रं असतात, तिथे जाऊन बसतो. म्हणून सुरुवात विचित्र होते. दोन दिवस ताप आणि डोकेदुखी. मग शांत माणूस अचानक शिवीगाळ करतो, बायकोला ओळखत नाही, 'जळका वास येतोय' म्हणतो, शब्द सापडत नाहीत, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो. मग फिट येते. मधल्या टप्प्यात घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं आणि देवऋषीकडे नेतात, किंवा म्हणतात टेन्शन घेतलं आणि मानसोपचाराच्या दारात नेतात. एकच खूण लक्षात ठेवा: ताप आहे आणि वागणं बदललंय, तर थर्मामीटर बाजूला ठेवून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. उपचार न झाल्यास दहातले सातच्या आसपास दगावतात. औषध मिळाल्यास हे प्रमाण बरंच खाली येतं, पण जितका उशीर तितकी स्मरणशक्ती जाते.

तिथे गेल्यावर एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची पीसीआर होते. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लंगडा होतो, या भीतीने सही न करणारे नातेवाईक आजही भेटतात. असं होत नाही, काही दिवस डोकं दुखू शकतं, बस. आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून असायक्लोव्हिर सुरू करतात, दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस. पहिल्या दोन-तीन दिवसांत पीसीआर कधीकधी निगेटिव्ह येते, म्हणून संशय दाट असेल तर डॉक्टर औषध बंद न करता तपासणी पुन्हा करतात. गोळ्या इथे चालत नाहीत. पाचव्या दिवशी शुद्धीवर आला म्हणून 'आता घरी गोळ्या घेऊ' असा हट्ट धरू नका.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी, विशेषतः लहान मुलांत, पुन्हा चित्रविचित्र हालचाली किंवा वागणं सुरू झालं तर आजार उलटला असंच धरू नका. विषाणू गेलेला असतो आणि शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलेली असू शकते. त्याचा उपचार निराळा आहे आणि तो होतो.

मला वर्षा-दोन वर्षांनी मान आखडून डोकं फुटेल असं दुखतं, तीन-चार दिवसांत आपोआप बरं होतं. याचा हर्पीसशी संबंध?

असू शकतो. याला मोलारेचा मेनिंजायटिस म्हणतात. पिएर मोलारे या फ्रेंच डॉक्टरांनी १९४४ साली याचं वर्णन केलं, आणि पुढे कळलं की बहुतेकांत एचएसव्ही-२ कारण असतं. मेंदूवरच्या आवरणाला सूज येते, मेंदूला नाही. त्रासदायक आहे, पण वरच्या आजारासारखा जीवघेणा नाही. अर्थात हे तपासणी झाल्यावर म्हणायचं. मान आखडून ताप आला की घरी निदान करत बसायचं नसतं.

घरात बाळंतीण आहे आणि मला ओठावर फोड आलाय. बाळाला घेऊ का?

मुका घेऊ नका. नुसतं एवढं पाळलं तरी पुरे. आपल्याकडे पाचवी ते बारसं या दिवसांत बाळ पंधरा जणांच्या हातून फिरतं आणि प्रत्येक आत्या-मावशीला गालाची पापी हवी असते. ज्याच्या ओठावर फोड आहे त्याने बाळाला न घेतलेलं बरं. आईलाच फोड असेल तर हात साबणाने धुवावेत, मास्क लावावा, फोड झाकावा, पण अंगावर पाजणं थांबवू नये. फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूचं दूध देऊ नये.

नवजात बाळाचा हर्पीस विरळा आहे, जगभरात लाखभर जन्मांमागे दहाच्या आसपास. त्यातही बहुतेक बाळांना तो प्रसूतीच्या वाटेतून मिळतो, मुक्यातून थोड्यांना. पण पहिल्या महिन्यात बाळाकडे लढायला काही नसतं. काहींना कातडी, डोळे आणि तोंडापुरता राहतो. काहींत मेंदूत जातो, काहींत यकृत आणि फुप्फुसांसकट सगळीकडे. शेवटच्या प्रकारात उपचार मिळूनही सगळी बाळं वाचत नाहीत.

ओळखायचं कसं? अनेक बाळांच्या अंगावर एकही फोड नसतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, ताप आला किंवा उलट अंग गार पडलं, झटके आले, तर 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात सकाळ घालवू नका. ओवाळायचंच असेल तर रिक्षा येईपर्यंत ओवाळा. शिरेतून औषध दोन ते तीन आठवडे चालतं आणि मग सहा महिने तोंडाने.

मला आधीपासून खालचा हर्पीस आहे आणि आता दिवस गेलेत. बाळाचं काय?

जुना हर्पीस असणाऱ्या बाईला लोक जास्त घाबरवतात, आणि खरा धोका तिला कमी असतो. तिच्या रक्तात तयार असलेली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे गेलेली असतात. तिच्या बाळाला संसर्ग होण्याची शक्यता शंभरात एक ते तीन किंवा त्याहूनही कमी. पण शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच हर्पीस झाला, तर आईचं शरीर प्रतिपिंडं बनवण्याआधीच प्रसूती होते आणि शक्यता ३० ते ५० टक्क्यांवर जाते. म्हणून नवऱ्याला हर्पीस आहे आणि बायकोला नाही, अशा जोडप्याने शेवटच्या तिमाहीत संबंध टाळावेत. ओठावर फोड असेल तर मुखमैथुनही. हे बोलायला अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण सोनोग्राफीच्या प्रत्येक फेरीला दोघं बरोबर येतात, तर हेही तिथेच विचारा.

छत्तिसाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत असायक्लोव्हिर देतात. कळा सुरू झाल्यावर फोड दिसले तर सिझेरियन करतात. फोड नसतील तर नेहमीसारखी प्रसूती. एवढंच करायचं असतं, फक्त लपवायचं नसतं.

एक दुर्मीळ गोष्ट: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत खूप ताप, पोटात उजवीकडे दुखणं आणि यकृताचे आकडे हजारोंत, पण कावीळ जवळजवळ नाही, असं दिसलं तर हर्पीसचा यकृतदाह डॉक्टरांच्या मनात यायला हवा.

दोनदा गर्भ टिकला नाही. टॉर्च टेस्टमध्ये हर्पीस पॉझिटिव्ह आलाय. म्हणूनच पडला का?

या टेस्टवर माझा जुना राग आहे. 'टॉर्च' पॅनेलमध्ये, म्हणजे गरोदरपणात बघितल्या जाणाऱ्या काही संसर्गांच्या एकत्र रक्ततपासणीत, हर्पीस आयजीजी पॉझिटिव्ह येणं म्हणजे तुम्ही त्या दोन तृतीयांश लोकांत आहात. वारंवार गर्भपाताचं कारण म्हणून ही तपासणी उपयोगी नाही, आणि तो आकडा 'उतरवायला' महिनोन्‌महिने औषध खाण्यात अर्थ नाही. सुनेला त्या कागदावरून बोल लावला जातो, ते तर पूर्ण अन्यायाचं.

मुलाचं तोंड आलंय, हिरड्या सुजल्यात, लाळ गळतेय. हाही हर्पीसच?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला ताप, सुजलेल्या रक्ताळ हिरड्या, जिभेवर आणि ओठांभोवती फोड असतील तर बहुधा विषाणूची ही पहिली भेट. जिवाला धोका नसतो, पण पोर पाणीसुद्धा गिळत नाही. दवाखान्यात भरती होतं ते विषाणूमुळे नव्हे, पाणी कमी पडल्यामुळे. लघवी किती वेळा झाली ते मोजा. आठ तासांत झाली नाही तर दवाखाना. गार ताक, पातळ पेज, बर्फाचा तुकडा चालतो. लिंबू सरबत आणि तिखट नको. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालं तर आजाराचे दिवस कमी होतात. बोट तोंडात घालणाऱ्या मुलाच्या बोटावरही फोड उठतात, आणि त्याच बोटाने डोळा चोळला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

मुलीला लहानपणापासून इसब आहे. एका रात्रीत सगळं अंग फोडांनी भरलं. काय असेल?

थांबू नका, आजच दाखवा. इसबाच्या कातडीला भिंत नसते, फटी असतात. विषाणू त्या फटींतून घुसून पसरतो. सारख्या आकाराचे, टाचणीच्या डोक्याने छेद दिल्यासारखे गोल व्रण, त्यावर खपली, सोबत ताप. व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोसींनी हे १८८७ साली लिहून ठेवलंय. दिसायला पिकलेल्या इसबासारखं दिसतं म्हणून घरी आणखी क्रीम चोपडलं जातं, आणि आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या 'खाजेच्या' अनेक क्रीममध्ये जोरदार स्टेरॉइड असतं. या मुलांना गोळी किंवा सलाइनमधून असायक्लोव्हिर लागतं, आणि डोळ्याजवळ असेल तर नेत्रतज्ज्ञही. घरात कोणाच्या ओठावर फोड असेल तर इसबवाल्या मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा.

पैलवानांना होतो म्हणतात, ते खरं?

खरं. कुस्तीत गाल गालाला, मान मानेला घासते आणि खरचटलेल्या कातडीत विषाणू शिरतो. १९८९ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० मल्लांना तो झाला होता. चेहरा, कान, मान, दंड या जागा. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीतल्या पोरांना एवढंच सांगतो: गालावर किंवा मानेवर फोडांचा झुबका असेल तर खपली पक्की धरेपर्यंत जोड धरू नका, टॉवेल-वस्तरा वाटून घेऊ नका. दंड-बैठका मारा, त्याला कोणाची हरकत नाही. वस्तादांना वाटतं 'मातीनं झालं'. हा रोग मातीतून येत नाही, जोडीदाराच्या कातडीतून येतो.

बोटाला ठणका आहे. नखुरडं समजून कापून घेऊ?

आधी नीट बघा. पू नसून पाण्याचे बारीक फोड असतील तर हर्पीस असू शकतो. तो कापायचा नसतो. कापला तर पसरतो आणि वर जिवाणूंचा संसर्ग होतो. नर्स आणि दातांच्या डॉक्टरांत हा ओळखीचा आजार आहे.

खाली फोड आले आणि दुसऱ्या दिवशी लघवीच अडकली. असं कसं?

दोन कारणं. एक सरळ आहे: इतकी आग होते की माणूस लघवी रोखून धरतो. टबात कोमट पाण्यात बसून करून बघा, अनेकांना जमतं. दुसरं असं की माकडहाडाजवळच्या ज्या नसांत विषाणू बसलाय, त्याच मूत्राशयाला हुकूम देतात. त्या सुजल्या की हुकूमच जात नाही. सोबत बद्धकोष्ठता, मांड्यांच्या आतून बधिरपणा असतो. काही दिवस नळी घालावी लागते, मग बहुतेकांचं पूर्ववत होतं. पहिल्या झटक्यात होतं, पुन्हा सहसा नाही. प्रोस्टेट समजून एका पंचविशीच्या मुलाला सोनोग्राफीच्या तीन फेऱ्या झालेल्या मी पाहिल्यात. कोणी चड्डी उतरवून बघितलंच नव्हतं.

हर्पीसमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो का?

नाही. पूर्वी, १९७०च्या सुमारास, तसा संशय होता. मग हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी खरा गुन्हेगार एचपीव्ही हा वेगळाच विषाणू आहे हे दाखवलं, त्यासाठी त्यांना २००८ सालचं नोबेल मिळालं. नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. एचपीव्हीची लस आहे, ती मुलींना द्या. हर्पीसची अजून बाजारात नाही.

एचआयव्हीशी याचा काय संबंध?

एचएसव्ही-२ असलेल्याला एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता साधारण तिप्पट होते. फोडांनी कातडी उघडी पडते, शिवाय एचआयव्हीला हव्या त्या पेशी तिथे गोळा झालेल्या असतात. गोळ्यांनी हर्पीस दाबला तर एचआयव्हीचा धोका कमी होईल असं वाटलं होतं. चाचण्यांत तसं झालं नाही. निरोध लागतोच. उलट बाजूने, महिन्याहून जास्त न भरणारी हर्पीसची जखम दिसली तर एचआयव्ही तपासणी करायचीच. अशांत कधीकधी नेहमीचं औषधही लागू पडत नाही.

फोड आला की आठ-दहा दिवसांनी हातांवर चकत्या उठतात. ॲलर्जी आहे का?

बहुधा नेमबाजीच्या पाटीसारख्या गोल चकत्या असतील, मध्ये गडद, बाजूला फिकट कडं. शरीराची हर्पीसला दिलेली प्रतिक्रिया आहे. वर्षातून पाच-सहा वेळा होत असेल तर रोजची गोळी काही महिने घेतल्याने थांबते.

तोंड वाकडं झालं, तेही यानेच?

एचएसव्ही-१ वर संशय आहे. उपचार मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या, तीन दिवसांच्या आत. नुसत्या विषाणूविरोधी गोळ्यांनी फायदा दिसलेला नाही. पण हात-पाय लुळे पडले किंवा बोली अडखळली तर तो पक्षाघात समजून धावा.

असायक्लोव्हिर किडनी खराब करतं का?

हे औषध मोठं हुशार आहे. गर्ट्रूड एलियन यांच्या टीमने १९७०च्या दशकात ते आणलं. पीएचडी नसलेल्या या बाईंना १९८८ सालचं नोबेल मिळालं. औषध पोटात जातं तेव्हा निजलेलं असतं. विषाणू असलेल्या पेशीत विषाणूचंच एक एन्झाइम त्याला जागं करतं आणि ते विषाणूच्या नकला काढण्याचं काम अडवतं. निरोगी पेशींत ते बव्हंशी झोपूनच राहतं, म्हणून त्रास कमी. पण गाठीत दडून बसलेला विषाणूही नकला काढत नसतो, म्हणून त्याला हे औषध शिवू शकत नाही. 'कायमचा बरा' करणारं औषध म्हणून कोणी पुड्या विकत असेल तर पैसे वाचवा.

किडनीबद्दल: शिरेतून भराभर दिलं आणि पाणी कमी असलं तर किडनीत स्फटिक साचतात. म्हणून तासभर हळूहळू देतात. गोळ्यांना भरपूर पाणी प्या. किडनीचा आजार असलेल्या आजोबांना नेहमीचा डोस दिला तर ते बरळू लागतात आणि घरच्यांना वाटतं हर्पीस मेंदूत गेला. डायलिसिस चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

मलमाबद्दल माझं मत: ओठावर लावा हवं तर, फार अपेक्षा ठेवू नका. टूथपेस्ट, चुना, शाई यांतलं काही नको.

लग्न ठरलंय. सांगू का?

सांगा. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून कातडीवर येतो, त्यामुळे 'फोड नाही म्हणजे धोका नाही' हा हिशेब चुकतो. निरोध आणि रोजची व्हॅलासायक्लोव्हिरची (असायक्लोव्हिरच्याच जातीच्या औषधाची) गोळी, दोन्ही धोका कमी करतात. गोळीने तो साधारण निम्म्यावर आल्याचं जोडप्यांवरच्या अभ्यासात दिसलंय. शून्य होत नाही. मुलं होतात, संसार होतात. दोघं मिळून आलात तर मी दोघांशी बोलतो, आणि तशी जोडपी येतात.

ओळखीचा डॉक्टर नको आणि खर्चही नको. कुठे जाऊ?

जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी शोधा. तिथे फोडांसाठी लाल रंगाचं पाकीट मोफत देतात, त्यात असायक्लोव्हिरच्या सात दिवसांच्या गोळ्या असतात. समुपदेशक वेगळ्या खोलीत बोलतात. आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा नॅको, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलतात. डोळा लाल असेल तर मात्र तिथे न जाता सरळ नेत्र विभागात जा, आणि जाताना घरातली थेंबांची बाटली सोबत न्या.